जिंकायची नव्हती ती हरकत

हरकतकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं. विधिमंडळाच्या खर्च समितीत मी लघुलेखिका आहे. बोललेला शब्द न् शब्द टिपून घ्यायचा, हे माझं काम. काका माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर बसायचे. इतकी वर्षं त्यांचं बोलणं लिहिल्यावर मी एवढं छातीठोकपणे सांगू शकते की त्यांच्याइतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतक्या वेळा हरलेलाही नाही.

मूळचे ते कारागीर. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा भरून देणं हा त्यांचा धंदा. अधिवेशन नसलं की अजूनही ते दुकानात ओठांत बारीक खिळे धरून बसलेले दिसतात. कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी ते ती दोन्ही हातांनी दाबून बघतात, मग ती मंत्र्यांच्या दालनातली का असेना. समितीत आले त्याच दिवशी नव्या खुर्च्यांच्या खर्चाची बाब निघाली. काकांनी आपली खुर्ची सगळ्यांसमोर उलटी केली, खालचे पट्टे दाखवले आणि म्हणाले, "लाकडाला काही झालेलं नाही. पट्टे सैल झालेत. पट्टे बदला ना, खुर्च्या कशाला बदलता?" सगळे हसले, मतदान झालं, काका हरले. नव्या खुर्च्या आल्या आणि दुसऱ्याच वर्षी करकरायला लागल्या. कुणी जरा हललं की करकर. काका त्या आवाजाकडे कान द्यायचे आणि तृप्त चेहऱ्यानं डोकं हलवायचे. तोंडानं मात्र अवाक्षर नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा, कारण करकरीत निम्मं बोलणं मला ऐकू येत नसे.

समितीचं काम कसं चालतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. सरकारचं खर्चाचं विधेयक आलं की त्यातल्या बाबी एकेक करून पुढे येतात. सगळ्यांच्या हातात कागद असतो, म्हणून कारकून फक्त आकडा पुकारतो. "बाब पाच." अध्यक्षबाई लाकडी हातोडा उचलतात, कुणी बोललं नाही तर टेबलावर आपटतात, झाली मंजूर. ज्याला हरकत घ्यायची त्यानं हातोडा खाली यायच्या आत घ्यायची. हातोडा वाजला की मग तुम्ही आकाशपाताळ एक करा, उपयोग नाही. त्यामुळे काकांचं "हरकत" शिंकेसारखं यायचं, एकदम आणि न सांगता.

हरकत आली की चर्चा, मग मतदान. अध्यक्षबाई मत देत नाहीत. सरकारी पक्षाचे चार सदस्य, विरोधी पक्षाचे तीन. म्हणजे निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. बरोबरी झालीच तर खात्याचं म्हणणं राहतं. काका दर वेळी चार विरुद्ध तीन असे हरायचे, कागद गोळा करायचे आणि पुढच्या आकड्याची वाट बघत बसायचे. त्यांच्या पक्षाचे बाकीचे दोघे म्हणजे एक तरुण वकील आणि एक दूधवाले अण्णा. पक्षाचा आदेश असा की आपल्या माणसानं हरकत घेतली की तिघांनी हात वर करायचे. अण्णांना तर कारणही ऐकावं लागत नसे. काकांचं तोंड उघडलं की अण्णांचा हात वर.

एक गोष्ट मात्र काकांनी या समितीत जिंकली होती, आणि ती हरकत नव्हती, नियम होता. पूर्वी सरकारी लोक विरोधकांना बाहेर व्हरांड्यात गाठायचे. कुणाला चहा पाजायचे, कुणाला डोळे दाखवायचे, आणि आत आल्यावर तो माणूस पडलेल्या चेहऱ्यानं म्हणायचा, मी माझी हरकत मागे घेतो. काकांना ते बघवेना. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटून नियम करून घेतला की एकदा घेतलेली हरकत घेणाऱ्याला मागे घेता येणार नाही. खात्यानं मान्य केली आणि समोरच्या बाजूनं कुणी मतदान मागितलं नाही तर बाब गळाली, नाहीतर मतदान. तिसरी वाट नाही. हा नियम झाला त्या दिवशी काकांनी समितीला स्वतःच्या पैशानं बिस्किटं आणली होती.

त्यांचे हाडवैरी म्हणजे सरकारी पक्षाचे कोळसेवाले. कोळशाचा मोठा व्यापार, आवाज त्याहून मोठा. काकांच्या प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायला तेच उठायचे. "यांच्या घरी सकाळी चहा आला तरी हे आधी हरकत घेत असतील," असं ते एकदा म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "चहा कसा आहे त्यावर आहे." दोघांची जुंपली की माझी बोटं दुखायची, पण जेवणाच्या सुट्टीत वेळ बरा जायचा.

आता पूल. काकांची वस्ती रेल्वेच्या यार्डापलीकडे. अलीकडे बाजार, शाळा, दवाखाना, सगळं काही. मधे रुळांच्या सात-आठ जोड्या आणि त्यांवर दिवसदिवस उभ्या असलेल्या मालगाड्या. रस्त्यानं जायचं तर केवढा तरी वळसा, म्हणून वस्तीतली सगळी माणसं डब्यांखालून वाकून, रांगून ये-जा करतात. पाठीला ग्रीसचा डाग असला की बाजारात समजतं, हा पलीकडचा. काकांची मुलगी दवाखान्यात नर्स आहे. तीही तशीच जायची, पांढरा गणवेश पिशवीत घेऊन, आणि तिकडे पोचल्यावर बदलायची. या यार्डावर पादचारी पूल हवा म्हणून काकांनी दर वर्षी अर्ज केला, दर वर्षी खात्यानं "विचाराधीन" असं उत्तर दिलं.

या वर्षीच्या बैठकीच्या महिनाभर आधी ती मुलगी डब्याखाली असताना गाडी हलली. ती कशीबशी बाहेर पडली, पिशवी चाकाखाली गेली. तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ती तशीच कामावर गेली आणि कुणाचा तरी जादा गणवेश घालून संध्याकाळपर्यंत उभी राहिली. पण काकांचं काही खरं राहिलं नाही. दुकानात बसले असताना यार्डातून डबे आपटल्याचा आवाज आला की हातातली सुई तशीच राहायची. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी जरा हसण्यावारी नेलं, आणि मग घरी जाऊन माझ्या मुलीला उगाचच जवळ घेऊन बसले.

अध्यक्षबाईंच्या कानावर ही गोष्ट गेली असावी. बाई सरकारी पक्षाच्या, पण जुन्या मास्तरीण. त्यांनी कुणाकुणाला गाठलं देव जाणे, या वर्षीच्या विधेयकात पूल आला. बाब दहा. कागद हातात आला तेव्हा काकांनी तो माझ्या टेबलावर पसरून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्हालाही दिसतंय ना?" मी म्हटलं, दिसतंय. त्याखालीच बाब अकरा होती, सरकारी अतिथिगृहाचे नवे पडदे. काका म्हणाले, "दहाला गप्प बसायचं आणि अकराला पडदे फाडायचे." आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या आकड्याला गप्प बसायचं म्हणून ते इतके आनंदात होते की त्यांनी त्या दिवशी खुर्ची दाबूनही बघितली नाही.

बैठकीच्या दिवशी घोड्यानं पेंड खाल्ली ती फोनपाशी. आमच्या इमारतीच्या भिंती जाड, आत मोबाइलला रेंज मिळत नाही. बैठक सुरू होता होता काका बाहेर पायऱ्यांवर गेले, मुलीला सांगायला की आज पूल होतोय. तेवढ्यात आत अध्यक्षबाईंनी जाहीर केलं की अग्निशमन दलाच्या पाइपांची एक तातडीची बाब मधे घातली आहे, ती दहा, आणि त्यापुढचे सगळे आकडे एकेकानं वाढवून घ्या. सगळ्यांनी पेनानं आकडे बदलले. वकिलाला वाटलं, काकांना माहीत असेल. अण्णांना काहीच वाटलं नाही. काका आत आले ते घाईघाईनं, चेहरा फुललेला, आणि बसले.

पहिल्या नऊ बाबी उरकल्या. "बाब दहा," कारकून म्हणाला. काकांनी डोळे मिटले. हातोडा वाजला. अग्निशमन दलाचे पाइप मंजूर झाले. काकांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला कळेना, या माणसाला पाइपांचा एवढा कसला उमाळा.

"बाब अकरा."

"हरकत!" असा खणखणीत आवाज त्या खोलीत मी कधी ऐकला नव्हता.

खुर्च्या करकरल्या आणि सगळे काकांकडे बघायला लागले. अण्णांचा हात सवयीनं अर्धा वर गेला होता. कोळसेवाल्यांनी कागद बघितला, काकांकडे बघितलं, परत कागद बघितला. "पुलाला हरकत?" ते म्हणाले. "तुमच्याच पुलाला?"

वकिलानं काकांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते उभे राहिले. "बाई, माझी चूक झाली. मला पडदे म्हणायचं होतं. ही हरकत मी मागे..."

"मागे घेता येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "नियम कुणी करून घेतला, ते मी सांगायला नको."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आणि तेवढ्यानं भागलं नाही. वित्त सचिवांनी घसा साफ केला. माणूस वाईट नाही, पण खर्च वाचवणं हेच त्यांचं काम, आणि आयती चालून आलेली बचत कोण सोडेल. "खात्याला सदस्यांची हरकत मान्य आहे," ते म्हणाले. "पूल या वर्षी पुढे ढकलता येईल."

इतक्या वर्षांत खात्यानं काकांची एकही हरकत मान्य केली नव्हती. कोळसेवाल्यांनी हात पुढे केला. "अभिनंदन, काका. जिंकलात एकदाचे."

काकांनी तो हात हातात घेतला नाही. त्यांना दिसत होतं ते मला दिसत होतं. कुणी मतदान मागितलं नाही तर बाब गळाली. पुढचं विधेयक वर्षानं, तोवर अध्यक्षबाई निवृत्त झालेल्या असणार, आणि ती मुलगी रोज डब्यांखालून जात राहणार. काकांना स्वतःच्या हरकतीवर मतदान मागता येत नव्हतं, ते समोरच्यांनीच मागायचं असतं. आणि समोरचे सरकारी सदस्य जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसले होते.

"हरकतीवर बोलायचा मला हक्क आहे ना, बाई?" काकांनी विचारलं.

"आहे. पण हरकतीच्या बाजूनंच बोलावं लागेल."

"बाजूनंच बोलतो," काका म्हणाले. त्यांनी टेबलाला दोन्ही हात टेकले. पुढचं मी लिहून घेतलेलं जसंच्या तसं देते.

"हा पूल नको. आमच्या वस्तीला पुलाची गरज नाही. आम्हाला मालगाडीखालून जायची सवय आहे. त्यानं कंबर लवचीक राहते. आमच्याकडे सत्तरीच्या आजीबाई रांगतात. दुसऱ्या कुठल्या वस्तीत रांगतात, दाखवा मला." खोलीत हशा पिकला. "पाठीला ग्रीस लागतं अशी तक्रार आहे. लागू द्या. त्यानं ओळख पटते. दुकानदाराला विचारावं लागत नाही, तुम्ही कुठले. उन्हाळ्यात डब्यांखाली सावली असते. ही कोळसेवाल्यांची कृपा. त्यांचे डबे दिवसच्या दिवस तिथेच उभे असतात, म्हणून आम्हाला सावली. समितीनं त्यांचे आभार मानावेत."

कोळसेवाल्यांचं हसू तिथे थांबलं.

"आता कुणी म्हणेल, गाडी हलली तर? गाडी एकदम हलत नाही. आधी पुढचा डबा आपटतो, मग त्याच्या मागचा, असा आवाज आपल्याकडे येत जातो. ज्याला तो ऐकू येतो तो बाहेर पडतो. माझी मुलगी गेल्या महिन्यात अशीच बाहेर पडली. पिशवी गेली, मुलगी राहिली. म्हणजे सगळं ठीक चाललंय." इथे ते सचिवांकडे वळले. "तेव्हा पूल नको. सरकारचे पैसे वाचवा."

ते बसले. एकही खुर्ची वाजली नाही.

"ते डबे माझे होते?" कोळसेवाल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका हळू येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"कुणाचे होते ते बघायला ती थांबली नाही," काका म्हणाले.

कोळसेवाल्यांचा चेहरा लाल झाला. राग होता की आणखी काही, मला सांगता येत नाही. ते उठले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "बाई, मतदान घ्या."

मी मनात म्हटलं, सुटलो. पण कसलं काय. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हरकतीच्या बाजूनं," आणि अण्णांचा हात वर गेला. अण्णांनी काकांचं भाषण ऐकलं होतं, डोळेही पुसले होते, पण हात वर गेलाच. काका वकिलाकडे बघत होते. वकील खाली मान घालून पुटपुटला, "पक्षाचा आदेश आहे, काका," आणि त्यानंही हात वर केला. समोरून एक सरकारी सदस्य, सचिवांचे जुने स्नेही, त्यांनीही हात वर केला. तीन झाले. उरलेले सरकारी तीन. म्हणजे बरोबरी, आणि बरोबरी झाली की खात्याचं म्हणणं राहतं. पूल बुडाला, काका गप्प बसले तरी बुडाला.

काकांचा उजवा हात उठायला लागला होता. इतक्या वर्षांची सवय, तो हात त्यांचं ऐकेना. त्यांनी डाव्या हातानं तो धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. कारकून त्यांच्याकडे बघत थांबला. सगळेच थांबले.

"हरकतीच्या विरोधात," अध्यक्षबाई म्हणाल्या.

कोळसेवाल्यांचा हात वर गेला, त्यांच्या शेजारच्या दोघांचे गेले. आणि मग काकांनी उजवा हात सोडला आणि सरळ वर केला. आयुष्यात एकदाही सरकारबरोबर मत न दिलेल्या माणसानं सरकारबरोबर मत दिलं, आणि तेही स्वतःच्याच हरकतीवर. असं करू नये असा नियम नव्हता, कारण कुणी असं करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वकिलानं कपाळावर हात मारला.

"चार विरुद्ध तीन," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हरकत फेटाळली. बाब मंजूर." हातोडा इतक्या जोरात आपटला की माझी पेन्सिल टेबलावरून खाली पडली.

पक्षानं पुढे काकांना लेखी जाब विचारला, आदेश का मोडला म्हणून. काकांनी आधी त्या जाब विचारण्यावरच हरकत घेतली. ते भिजत घोंगडं अजून भिजतंय, आणि काका अजून समितीत आहेत. यार्डात मात्र खांब उभे राहिलेत, हे मी स्वतः जाऊन पाहून आले.

पण त्या दिवशीचं अजून एक राहिलं. हातोडा वाजल्यावर काका खिडकीकडे तोंड करून बसले. रुमाल सापडेना, म्हणून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते, आणि ते काही थांबत नव्हतं. मलाही लिहिणं जमेना.

"बाब बारा," कारकून म्हणाला. अतिथिगृहाचे पडदे.

अध्यक्षबाईंनी हातोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. सगळे काकांकडे बघत होते. काकांनी तोंड उघडलं, पण गळ्यातून शब्द फुटेना. वकील कागदात डोकं खुपसून बसला होता. अण्णांचा हात वर होता, पण नुसत्या हातानं हरकत होत नाही. बाईंचा हात जड होऊन हळूहळू खाली यायला लागला.

"हरकत," कुणीतरी म्हणालं.

सचिवांचं तोंड उघडंच राहिलं. कोळसेवाले नजर चुकवत खुर्चीत सावरून बसले आणि खेकसले, "बघताय काय सगळे? त्यांना डोळे पुसू द्या. तोपर्यंत मी बोलतो."